तीन मिनिटं बोला आणि खाली बसा: टेक्सासमध्ये काउंटीकडून रस्ता ताब्यात घेववताना

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, कारण ना ते फॉर्मवर लिहिलेलं असतं ना ऑफिसात कुणी सांगतं. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सभेत तुमचा विषय अजेंड्यावर नसेल तर तुम्हाला बोलू देतात, पण त्यावर चर्चा होत नाही. तीन मिनिटं बोला, आभार, पुढचे या. माझा याच गोष्टीवरचा राग अजून गेलेला नाही.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, पण शहराच्या हद्दीबाहेर. म्हणजे महापौर नाही, सिटी कौन्सिल नाही. जे काय असेल ते काउंटी. टेक्सासमध्ये अशा 254 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा कारभार कमिशनर्स कोर्ट चालवतं (नाव कोर्ट, पण हे कारभारी मंडळ): चार प्रिसिंक्टचे, म्हणजे काउंटीच्या चार विभागांचे, चार निवडून आलेले कमिशनर आणि अध्यक्षस्थानी काउंटी जज. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी एक मोरी आहे. ती खचली, कडेचं काँक्रीट फुटलं आणि पाऊस पडला की पाणी रस्त्यावर तुंबायला लागलं. स्कूल बस तिथेच थांबते. ऑनलाइन तक्रार केली. उत्तर आलं की हा रस्ता काउंटीच्या देखभालीत नाही.

घरं विकून झाली, लोक राहायला आले, प्रॉपर्टी टॅक्स भरतायत, तरी रस्ता बिल्डरचाच! नव्या वसाहतीत रस्ता बिल्डर बांधतो आणि काही काळाच्या देखभालीसाठी काउंटीला बॉण्ड, म्हणजे एका कंपनीची पैशाची हमी, देतो. मग काउंटीचा इंजिनिअर पाहणी करतो, दोष काढून देतो, ते दुरुस्त झाले की कोर्ट ठराव करून रस्ता ताब्यात घेतं. आमचं गाडं मधेच अडलं होतं. इंजिनिअरचं ऑफिस म्हणे, बिल्डरने दुरुस्ती झाल्याचं कळवलं नाही. बिल्डरची माणसं म्हणत, दोषांची यादीच मिळाली नाही. घरमालकांची संघटना अजून बिल्डरच्याच हातात, त्यामुळे तिकडूनही काही हालचाल नाही. पुण्यात बिल्डरकडून कन्व्हेयन्स मिळवायला झगडणाऱ्या सोसायट्यांचं दुखणं असंच असतं.

म्हणून सभेला गेले. सभा कामाच्या दिवशी भर सकाळी, म्हणजे रजा टाकून. दाराशी नाव-पत्त्याचं कार्ड भरायचं, हाक आली की माइकसमोर उभं राहायचं. समोर घड्याळ, शेवटी लाल दिवा. मी मोरीचे फोटो मोठे छापून नेले होते, एक-एक करून दाखवले. कमिशनर नीट ऐकत होते, एकाने मान डोलावली. वेळ संपली आणि सभा पुढे गेली. एक शब्द नाही!

नंतर कळलं की राज्याचा ओपन मीटिंग्ज कायदाच तसा आहे. अजेंड्यावर नसलेला विषय कुणी काढला तर कोर्टाला तीनच गोष्टी करता येतात: वस्तुस्थिती सांगणं, सध्याचं धोरण सांगणं, किंवा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्यायचा का एवढंच बोलणं. लोकांना न कळवता बंद दाराआड निर्णय होऊ नयेत म्हणून हे बंधन आहे, आणि ते मला पटतं. पण त्या कार्डावर ही एक ओळ छापायला काय हरकत आहे? किती जण रजा टाकून, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येतात आणि आपलं कुणी ऐकलंच नाही असं समजून घरी जातात. ते पुन्हा येत नाहीत. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होते तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

सभेत कमिशनर आपापल्या भागाची माहिती देतात तो भागही असतो: लसीकरणाचा कॅम्प, जुने टायर नेऊन टाकायचा दिवस, उन्हाळ्यात कचरा जाळायला बंदी, स्वयंसेवक अग्निशमन दलाचे आभार. ही माहिती उपयोगाची आहे, मी दर वेळी टिपून घेते. पण तिथेही फक्त निवेदन, चर्चा नाही. ज्याच्यावर निर्णय हवा ते अजेंड्यावरच हवं.

तेव्हा त्या तीन मिनिटांत गाऱ्हाणं सांगत बसू नका. पहिल्याच वाक्यात म्हणा, "हा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्यावा अशी विनंती आहे." आणि त्याआधी आपल्या प्रिसिंक्टच्या कमिशनरच्या ऑफिसला लेखी द्या. विषय लावून घ्यायची त्यांची आतली मुदत सभेच्या बरीच आधी संपते. आणि अजेंडा आता सभेच्या किमान तीन कामाचे दिवस आधी जाहीर करावा लागतो. 2025 च्या सप्टेंबरपर्यंत ही मुदत 72 तासांची होती.

आमचं काम खरं हललं ते एका कागदाने. टेक्सासच्या पब्लिक इन्फर्मेशन कायद्याखाली मी पाहणीचा रिपोर्ट आणि बॉण्डची प्रत मागितली. साधा ईमेल पुरतो, कारण सांगावं लागत नाही. कागद दहा कामाच्या दिवसांत देता येत नसतील तर कधी देणार ते त्यांना लेखी कळवावं लागतं. प्रत आली. दोषांच्या यादीत आमची मोरी स्वच्छ लिहिलेली होती, आणि बॉण्डची मुदत संपत आली होती! ती तारीख पिवळी करून मी कमिशनरच्या ऑफिसला पाठवली. विषय लगेच अजेंड्यावर आला.

त्या दिवशी सासूबाईही बोलल्या, मराठीत. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला कायद्याने किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, हे लक्षात ठेवा. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे गाडीतून जाता. मी नातवाचा हात धरून पायी जाते. पाणी भरलं की कड कुठे संपते ते दिसत नाही." मी भाषांतर करत होते, माझाच आवाज कापत होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

कोर्टाने बॉण्ड देणाऱ्या कंपनीला नोटीस काढायचं ठरवलं, आणि त्यानंतर बिल्डरची माणसं काँक्रीट घेऊन हजर झाली. रस्ता ताब्यात घ्यायचा ठराव पुढे कन्सेंट अजेंड्यात, इतर किरकोळ विषयांबरोबर एकाच मतदानात, चर्चेविना मंजूर झाला. मी घरून लाइव्ह बघत होते, तरी ओरडले.

आणि हो, शहराच्या हद्दीबाहेर घर घेत असाल तर सही करायच्या आधी प्रिसिंक्टच्या ऑफिसला फोन करा आणि सरळ विचारा: हा रस्ता काउंटीने ताब्यात घेतलाय का? नसेल तर बॉण्ड कधी संपतो ते विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.