डोमकावळ्यांच्या गावात, पर्यटक नसताना

आमच्या हंगेरियनच्या बाई पहिल्या दिवसापासून मला एकाच शब्दावरून टोकत आल्या आहेत. सफरचंदाला इथे alma नाही, 'ऑल्मॉ' म्हणायचं. ओठ गोल करायचे. आपण ते रोमन अक्षरांत वाचलं की सरळ 'आल्मा' होतं. बुडापेस्टमध्ये चार वर्षं काढली, तरी घाईत बोलताना माझं आल्माच निघतं आणि भाजीवाला हसतो. फेब्रुवारीत होलोक्योला गेले, तर तिथल्या घरमालकीणबाईंनी सफरचंदांची टोपली पुढे करून अगदी खणखणीत 'आल्मा' म्हटलं. मी चमकून पाहिलं. त्यांना वाटलं, मला नको आहेत.

होलोक्यो हे उत्तर हंगेरीत, नोग्राद जिल्ह्यातल्या चेरहातच्या टेकड्यांमधलं जेमतेम तीनशे वस्तीचं गाव. इथले लोक पालोत्स. भाषा हंगेरियनच, पण बोली वेगळी. राजधानीतला गोल 'ऑ' यांच्या तोंडी सपाट 'आ' होतो, आणि त्यावरून शहरातले लोक त्यांची नक्कल करतात. साताऱ्याकडची मुलगी पुण्यात शिकायला आली की तिचं जे होतं, तेच.

या गावाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पांढऱ्याशुभ्र भिंती, लाकडी खांबांचा व्हरांडा, उतरतं कौलारू छप्पर, आणि रस्ता जिथे दोन वाटांना फुटतो तिथे लाकडी मनोऱ्याचं चिमुकलं चर्च. १९८७ साली युनेस्कोच्या यादीत आलं, म्हणजे आपल्या घारापुरीच्या लेण्यांच्या बरोबरीनेच. बहुतेक जण ईस्टरला येतात. तेव्हा मुलगे पारंपरिक पोशाखातल्या मुलींवर विहिरीच्या पाण्याच्या बादल्या ओततात आणि मुली त्यांना रंगवलेली अंडी देतात. कॅमेऱ्यांची रांग असते, तिकीट असतं. मी मुद्दाम फेब्रुवारीत गेले. बुडापेस्टहून बसने दोन-सव्वादोन तास लागतात, आणि शेवटच्या वळणावर बसमध्ये मी, एक शाळकरी मुलगा आणि ड्रायव्हर एवढेच उरलो होतो.

घरमालकीणबाईंना मी 'नेनी' म्हणायचे. इथे मोठ्या बाईच्या नावापुढे नेनी लावतात आणि पुरुषाच्या नावापुढे बाची. आपल्या काकू-काकांसारखंच, नावानंतर. आडनावही आधी, आपल्याकडच्या सरकारी अर्जासारखं. शब्दाला मागून प्रत्यय लागतात: घर म्हणजे 'हाझ', घरात म्हणजे 'हाझबान'. इंग्रजीतून ही भाषा शिकणाऱ्यांचे हाल बघितले की मला मराठी माध्यमाचा अभिमान वाटतो. रस्त्यात एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी टोपी काढून 'दिचेर्तेश्शेक' म्हटलं, म्हणजे 'प्रभूची स्तुती असो'. जुन्या कॅथलिक गावांतला हा राम राम. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते मला माहीत नव्हतं. मी आपलं 'नमस्कार' पुटपुटले.

जुन्या घराची रचना नेनींनी दाखवली. मध्ये स्वयंपाकघर, रस्त्याच्या बाजूला 'स्वच्छ खोली', मागे कोठी. स्वच्छ खोलीत छतापर्यंत रचलेल्या भरतकामाच्या उशा, देवादिकांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो. तिथे रोज कुणी बसायचं नाही. बाया आणि लहान मुलं कोठीत झोपायची. तरणे पुरुष गोठ्यात, जनावरांपाशी. एका छपराखाली आजोबा, त्यांचे मुलगे, सुना, नातवंडं. अशा एका रक्ताच्या गोतावळ्याला पालोत्स लोक 'हाद' म्हणतात. भावकी! दुसरा शब्दच नाही.

आणि भावकी म्हटली की वाटणी आलीच. गावाचा नकाशाच वाटणीने काढलाय. मूळ गाव एका रस्त्याचं. पहिल्या पिढीची घरं रस्त्याला तोंड करून. मुलाला घर बांधायचं तर ते त्याच चिंचोळ्या जागेत, बापाच्या घरामागे. नातवाचं त्याच्याही मागे. शेतीचंही तसंच. टेकडीच्या उतारावर जमिनीच्या लांबच लांब पट्ट्या दिसतात, इतक्या अरुंद की हंगेरियनमध्ये असल्या तुकड्याला 'विजारीचा पट्टा' म्हणतात. आमच्या कोरेगावकडच्या शेताच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत, त्यामुळे मला तो उतार बघून फार घरच्यासारखं वाटलं. फरक एवढाच की इथला तो उतार, शेतांसकट, जागतिक वारसा आहे. सातबारा कोण जपून ठेवणार!

गंमत म्हणजे ही 'प्राचीन' घरं प्राचीन नाहीत. लाकूड, कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर, घराला घर चिकटलेलं. गाव पुन्हा पुन्हा जळायचं. आगीच्या भीतीने लाकडाची घरं बांधू नका असा हुकूम अठराव्या शतकाच्या शेवटीच निघाला होता. होलोक्योने तो ऐकला नाही. शेवटची मोठी आग १९०९ ची. त्यानंतर गाव पुन्हा उभं राहिलं ते दगडी पायावर, कच्च्या विटांच्या भिंतींनी, गवताऐवजी कौलं घालून. पण आकार तोच, जागा तीच, व्हरांडा तोच. म्हणजे आपण ज्यापुढे उभं राहून फोटो काढतो ती घरं आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांपेक्षा तरुण आहेत. मला हे कळल्यावर आधी फसवल्यासारखं वाटलं. मग विचार केला, आग लागून सगळं गेल्यावर माणसं नवीन काहीतरी बांधतील, मोकळं, ऐसपैस. यांनी बापाच्या घरामागचीच जागा घेतली. कदाचित दुसरी जागा नव्हतीच. त्याला परंपराप्रेम म्हणायचं की वाटणीचा कागद, हे ज्याने त्याने ठरवावं.

गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. सातारकर माणूस किल्ला दिसला की चढतोच. चढ मात्र अगदीच किरकोळ, पंधरा-वीस मिनिटांचा. १२४१-४२ च्या मंगोल स्वारीने हंगेरी उद्ध्वस्त झाली, आणि राजाला कळलं की दगडी किल्ल्यांशिवाय गत्यंतर नाही. त्यानंतरच्या लाटेत काचिच घराण्याने हा बांधला. लोककथा वेगळंच सांगते. काचिच सरदाराने शेजाऱ्याची देखणी बायको पळवून आणून आपल्या किल्ल्यात कोंडली. तिची दाई होती चेटकीण. तिने सैतानाशी सौदा केला, सैतानाची पोरं डोमकावळे होऊन आली, त्या किल्ल्याचा एकेक दगड उचलून घेऊन गेली आणि त्याच दगडांचा हा किल्ला इथे उभा केला. 'होलो' म्हणजे डोमकावळा, 'क्यो' म्हणजे दगड.

१५५२ साली किल्ला तुर्कांनी घेतला, आणि पुढची सव्वाशे वर्षं तो हातोहात फिरला. शेवटी १६८३ मध्ये पोलंडचा राजा यान सोबिएस्की याने तुर्कांना कायमचं हुसकलं. इकडे त्याच वर्षी संभाजीराजे गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांशी झुंजत होते. शांतता झाल्यावर खाली आजच्या जागी गाव वसलं. किल्ल्याचा शेवटही ओळखीचा वाटला. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सम्राटांविरुद्ध राकोत्सी या हंगेरियन सरदाराने केलेलं बंड १७११ मध्ये मोडल्यावर दरबाराने बंडखोरांना पुन्हा आसरा मिळू नये म्हणून हंगेरीतले किल्ले पाडायला काढले. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, त्यामागची अक्कल हीच. इथलं पाडकाम मात्र अर्धवट राहिलं. बुरुजावरून उत्तरेला पाहिलं की धुक्यात स्लोव्हाकियाच्या टेकड्या दिसतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानों तहाने, नोग्राद जिल्ह्याचेच दोन तुकडे झाले. तोही वाटणीचाच प्रकार, फक्त कुणी विचारून केलेला नाही.

खाली उतरताना उशीर झाला आणि माझी परतीची बस चुकली. चूक माझीच, रविवारचं वेळापत्रक बघितलं नव्हतं. नेनी म्हणाल्या, चल माझ्या घरी, जेव. मी म्हटलं, हे तुमचं घर नाही? त्या हसल्या. ते जुनं घर पाहुण्यांचं. त्या राहतात वरच्या बाजूला, नव्या गावात.

आणि हे नवं गाव कुठल्याही फोटोत नसतं. चौकोनी, ठोकळ्यासारखी घरं, वर चार बाजूंनी उतरतं छप्पर, समोर दोन खिडक्या. साठ-सत्तरच्या दशकांत अख्ख्या हंगेरीत अशी घरं उभी राहिली. तेव्हाचे कम्युनिस्ट नेते कादार यानोश, म्हणून लोक यांना 'कादार ठोकळा' म्हणतात. जमिनी सामुदायिक शेतीत गेल्या, तरणी माणसं शाल्गोतार्यानच्या खाणी-कारखान्यांत नाहीतर बुडापेस्टला कामाला लागली, हातात पगार आला. पगारातून लोकांना हवं होतं न्हाणीघर, नळ, प्रत्येकाला झोपायला खोली. नेनींच्या सासूने म्हणे नव्या घरात पहिल्या रात्री दिवा बंदच करू दिला नाही. जुन्या रस्त्यावर आता थोडीच माणसं राहतात. बाकी पाहुण्यांच्या खोल्या, विणकामाचं घर, बाहुल्यांचं आणि टपालखात्याचं संग्रहालय. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी धूर निघतो तो दोन-चार धुराड्यांतून. ठोकळ्यांच्या गल्लीत मात्र लाकडं फोडल्याचा आवाज, कुत्री, टीव्ही, कुणाच्या तरी अंगणात ट्रॅक्टर सुरू करायची खटपट. आता प्रतापगड, रायगडही युनेस्कोच्या यादीत गेले आहेत. त्यांच्या पायथ्याच्या गावांत कुणी न्हाणीघर बांधायला काढलं तर काय होईल, असं तिथे बसून मनात आलं.

जेवायला 'माचोक' होतं: बटाटा किसून, पीठ आणि लसूण घालून तव्यावर लावलेलं. बटाट्याचं थालीपीठ म्हणा, वर आंबट मलई. माझ्यासाठी डुकराचं सॉसेज बाजूला ठेवलं, आणि मी खात नाही म्हटल्यावर नेनींनी घोर काळजीने माझ्या मनगटाकडे पाहिलं. हिवाळा म्हणजे इथे डुक्कर कापायचे दिवस. पहाटे शेजारीपाजारी जमतात, आधी घोटभर पालिंका, म्हणजे फळांची कडक दारू, मग दिवसभर काम, आणि संध्याकाळी ज्याने हात लावला त्याच्या घरी वाटा. गेल्याच आठवड्यात त्यांच्याकडे होऊन गेलं होतं. वेळेने वाचवलं मला.

शेवटी आल्या खसखशीच्या शेवया. उकडलेल्या रुंद पट्ट्यांवर दळलेली खसखस आणि पिठीसाखर, मूठ-मूठ. आपण अनारशाला चिमटीने लावतो. हंगेरीत खसखस किलोने खातात. (आईला दर वेळी वाटतं इथून खसखस आणावी. मी दुबईमार्गे येते आणि तिथे ती बाळगणं गुन्हा आहे, हे तिला अजून पटलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बससाठी नेनी थांब्यापर्यंत आल्या. मी विचारलं, ईस्टरला तुम्ही तो पोशाख घालता? म्हणाल्या, आता गुडघे दुखतात, एकावर एक इतके परकर पेलवत नाहीत. नात घालते. ती बुडापेस्टमध्ये एका कंपनीत हिशेब बघते, ईस्टरला दोन दिवस येते, रस्त्यात उभी राहते, बादल्या अंगावर घेते. दोन वर्षांपूर्वी इतकी थंडी होती की आठवडाभर तापाने झोपली. या वर्षी येणारच नाही म्हणत होती.

"मग?"

"मग काय," नेनी म्हणाल्या, "परकरांना इस्त्री करायला घेतलीय. सात झाले."