चुनकळीचा उजेड आणि काजळाची तीट

माझा भाचा हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा वर्षांपासून नोकरी करतो. गेल्या महिन्यात त्याच्या वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांनी एक ओळ लिहिली होती, की हा मुलगा फारच 'लो प्रोफाइल' राहतो. मी कोथरूडला बहिणीकडे जेवायला गेले असताना त्याने ती ओळ वाचून दाखवली. बहिणीचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, असंच ना? चांगलंच लिहिलंय की!" असे म्हणून तिने त्याच्या पानात नको नको म्हणत असताना आणखी भात वाढला. भाचा हताश होऊन माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मावशी, तू तरी सांग हिला. याच ओळीमुळे माझी बढती अडली आहे."

आयुष्यभर इंग्रजी शिकवूनही त्या क्षणी मला तिची समजूत घालता आली नाही, कारण तिने केलेले भाषांतर चुकीचे नव्हते. प्रोफाइल म्हणजे मुळात बाजूने दिसणारी बाह्याकृती, आणि ती बुटकी ठेवायची म्हणजे लोकांच्या नजरेत यायचे नाही. महापुरात झाडे वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घोटाळा शब्दार्थात नव्हता. लोकांची नजर आपल्याकडे वळणे ही कमाई मानायची की जोखीम, याविषयी दोन भाषांची सवय वेगळी पडते, आणि भाचा त्या दोहोंच्या मधोमध सापडला होता.

इंग्रजीतल्या या जातीच्या वाक्प्रचारांकडे पाहिले, की त्यांतले कितीतरी थेट नाटकगृहातून आलेले दिसतात. 'लाइमलाइट' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण त्यातला 'लाइम' म्हणजे लिंबू नव्हे, तर पानाला लावायच्या चुन्याचे मूळ रूप, म्हणजे चुनकळी, हे वर्गात सांगितले की मुले चकित होत असत. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या ज्वाळेत चुनकळीचा तुकडा तापवला, की तो डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो. टॉमस ड्रमंड या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1825 साली आयर्लंडच्या भूमापनासाठी हा उजेड एका डोंगरावरून शंभरहून अधिक किलोमीटर दूरच्या डोंगरावर दिसेल असा पाडून दाखवला. पुढे 1837 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाटकगृहात तो रंगमंचावर आला. प्रत्येक दिव्यापाशी एक माणूस बसे. जळून खड्डा पडू नये म्हणून तो चुन्याचा तुकडा फिरवत राही आणि मुख्य नट चालेल तिकडे झोत वळवी. विजेचे दिवे आल्यावर चुना गेला, शब्द मात्र राहिला, आणि त्याच शब्दाच्या वळणावर आपली वर्तमानपत्रे आज 'प्रकाशझोतात येणे' असे लिहितात. एकाच चुन्याने तिकडे माणसे प्रसिद्धीला येतात आणि इकडे कुणी चुना लावला तर पैसे जातात, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

उजेड एकाच माणसावर पडणार असेल, तर तो चोरताही येतो. इंग्रजीत दुसऱ्याचा गडगडाट चोरतात, म्हणजे त्याच्या वाट्याचे कौतुक स्वतः लाटतात, त्याची हकीकत अशी सांगितली जाते. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने 1709 च्या सुमारास आपल्या एका नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाचा आवाज काढण्याची नवी युक्ती शोधली. ड्रुरी लेन नाटकगृहातले ते नाटक पडले, पण थोड्याच दिवसांनी तिथेच 'मॅकबेथ' पाहताना त्याला आपलाच गडगडाट ऐकू आला आणि तो प्रेक्षागृहात उठून ओरडला, की यांनी माझे नाटक चालू दिले नाही आणि गडगडाट मात्र चोरला. 'अपस्टेज' करण्याची चोरी याहून बेरकी आहे. जुन्या युरोपीय रंगमंचाची जमीन मागच्या बाजूला चढती असे. एखादा नट मागे सरकून उभा राहिला, की त्याच्याशी बोलण्यासाठी बाकीच्यांना प्रेक्षकांकडे पाठ करावी लागे आणि चेहरा दिसे तो त्या एकट्याचाच. एक शब्दही न बोलता प्रवेश खिशात!

आपल्याकडे असा नट प्रवेश चोरत नाही, खातो. भरत नाट्य मंदिराबाहेर मध्यंतरात चहा पिताना "दुय्यम भूमिका असून भाव खाऊन गेला" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच अधिक असते. मात्र नाटकाबाहेर कुणी 'फार भाव खातो' असे आपण म्हणतो, तेव्हा कौतुक कुठल्या कुठे जाते. लक्ष वेधण्यासाठी खटपट करणाऱ्या माणसाबद्दलचे आपले बहुतेक शब्द असेच टोचणारे आहेत. तो टेंभा मिरवतो, शेखी मिरवतो, पुढे पुढे करतो, स्वतःची टिमकी वाजवतो. टेंभा म्हणजे मोठी मशाल. मिरवणुकीत ती दुसऱ्यासाठी धरायची असते, स्वतःवर उजेड पाडून घ्यायला नव्हे. स्वतःची तुतारी फुंकणाऱ्याला इंग्रजीही हसते, हे खरे. पण मराठीत स्तुती करायची झाली, तर ज्याची स्तुती त्याने काहीच केलेले चालत नाही. तो डोळ्यांत भरतो, नजरेत भरतो, चारचौघांत उठून दिसतो. ही सगळी अकर्मक क्रियापदे आहेत. कर्तृत्व पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे आणि पाहिला जाणारा आपला निवांत उभा.

नजर टाळण्याच्या बाबतीत इंग्रजी बरीचशी युद्धभूमीवर जाते. खंदकाच्या कठड्यावर डोके काढायचे नाही, कारण समोर बंदूकधारी बसला आहे. रडारच्या खालून उडायचे, कारण रडारच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र वक्र आहे, आणि म्हणून अगदी खालून येणारे विमान बराच वेळ दिसत नाही. दोन्हीकडे शत्रू आहे आणि तो दूर आहे. आपल्याकडे ज्या नजरेपासून जपायचे ती शेजारच्या काकूंची किंवा लग्नाला जमलेल्या नातेवाइकांची असते, आणि ती बहुतेक वेळा प्रेमाचीच असते. म्हणून तर गोऱ्यापान बाळाच्या गालावर काजळाची तीट लावायची. बाळ लपवायचे नाही, सर्वांना दाखवायचे, पण मुद्दाम जरासे उणे करून. 'लो प्रोफाइल'ला मला सुचणारा सर्वांत जवळचा मराठी शब्द हाच आहे, पण तो कार्यालयीन कागदावर लिहिता येणार नाही.

हे सारे मी जेवण झाल्यावर भाच्याला ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण मी उत्तरात काय लिहू?" मग आम्ही दोघांनी बसून चार ओळी तयार केल्या. त्यांत त्याने वर्षभरात केलेली तीन कामे लिहिली आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मी'पासून केली. त्याला ते फार जड गेले. 'आम्ही' लिहू का, असे त्याने दोनदा विचारले.

परवा त्याने कंपनीच्या सभागृहात दोनशे माणसांसमोर आपल्या कामाचे सादरीकरण केले. हातात माइक, चेहऱ्यावर दिव्याचा झोत असा त्याचा झकास फोटो बहिणीने मला पाठवला आणि खाली लिहिले, "फक्त तुलाच पाठवते आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नकोस."