देव नाही, लग्न नाही, नुसतं जायचं

मराठवाड्यात घराबाहेर पडायला कारण लागतं. तुळजापूर, परळी, औंढा. नाहीतर कुणाचं लग्न, नाहीतर दवाखाना. "बागेत बसायला चाललोय, दोन-तीन दिवस" असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "घरी सगळं ठीक आहे ना?"

तरी दिवाळी झाल्यावर आम्ही नवरा-बायको लातूरहून छत्रपती संभाजीनगरकडच्या बागांत बसायला निघणार आहोत. यादी मुद्दाम आखूड ठेवलीय. वेरूळ-अजिंठा त्यात नाही. लेणी बघणं हे काम आहे. पाय दुखतात, शिवाय सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ, हे सांभाळत दिवस लावायचे. बागेचं तसं नसतं. निघण्याआधी एक फोन मात्र करावा, कारण आपल्याकडच्या बागांना 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी अधूनमधून लावायला आवडते.

लातूरच्या माणसाला बागेचं अप्रूप जरा जास्तच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडं पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात ज्यांनी घागरी मोजल्या, त्यांना हिरवळीवर पाण्याचा फवारा उडताना बघून आनंद होतो आणि थोडं चोरट्यासारखंही वाटतं. त्यामुळं बागेत शिरलो की मी फुलांच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधतो. या खोडीला छत्रपती संभाजीनगरसारखं दुसरं गाव नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं १६१० मध्ये खडकी (याच शहराचं जुनं नाव) वसवली आणि जमिनीखालून नहर काढून गावात पाणी खेळवलं. पुढं पाणचक्कीलाही डोंगरातलं पाणी असंच जमिनीखालून, मातीच्या नळांतून आणलं. त्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि तिथल्या दर्ग्यात उतरलेल्या लोकांसाठी दळण निघायचं. तिथल्या हौदाकाठी, वडाच्या सावलीत एक अख्खी सकाळ घालवायची, एवढंच पहिल्या दिवशी दुपारपर्यंतचं काम.

दुपार उतरल्यावर बीबी का मकबरा. लोक घुमटाचा फोटो काढतात, बिचाऱ्याची ताजमहालाशी तुलना करतात आणि परत फिरतात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर मधोमध ठेवून चारी अंगांना आखलेली बाग मात्र बसून बघायची चीज आहे. हिमायतबाग त्याहून वेगळी. दिल्ली दरवाज्याजवळची ही जुनी बाग आता परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडं आहे. म्हणजे इथल्या झाडांनाही नोकरी आहे. मला हे आवडतं. खुलताबादच्या बनी बेगम बागेत तासभर, आणि शेवटी पैठण. जायकवाडी धरणाच्या पायथ्याचं संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर केलेलं. पण माझा जीव नाथसागराच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या, काठाकडं ओढतो. थंडीत तिथं पाहुणे पक्षी उतरतात.

खरा पेच मुक्कामाचा. संभाजीनगरात आत्या, खुलताबादच्या वाटेवर साडू, पैठणला बायकोची मावसबहीण. आत्याकडं उतरायचं म्हणजे पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी शेजारपाजाऱ्यांची ओळख, मग तिच्या पुतण्यासाठी स्थळ बघून येणं. आपण 'राहू दे' म्हणायचं, तिनं ताटात आणखी वाढायचं. प्रेमाबद्दल तक्रार नाही. पण त्या घरात दुपारी दार लावून झोपता येत नाही, आणि सुट्टीत मला नेमकं तेच करायचं असतं. नात्यात कुणी लॉजवर उतरलं आणि आत्याला कळलं, की ती एकच वाक्य बोलते, "का रे, आम्ही मेलो होतो का?" मग पुढची पाच लग्नं ते वाक्य आपल्या मागं फिरतं.

लॉजही मला नकोच. ट्यूबलाइटचा उजेड, भिंतीवर डासांचे डाग, सकाळी पेल्यातला चहा. म्हणून पर्यटन खात्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेतलं एखादं घर शोधतोय. घर दुसऱ्याचं, अंगणात तुळस, एखादी खोली आपल्याला. घरमालकीण विचारपूस करते, पण आपल्या पगाराची नाही. पैसे दिले असल्यामुळं भांडी उचलायला उठावं लागत नाही. बायकोला हे सगळ्यात आधी पटलं. माहेरी असो की सासरी, पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला विसाव्या मिनिटाला स्वयंपाकघरात उभं राहावं लागतं. माझ्या झोपेपेक्षा तिचं कारण जास्त वजनदार आहे, हे मान्य.

न्याहारीचं मात्र आधीच बोलून घ्यायचं. शहरी पाहुणा दिसला की ब्रेड-बटर पुढं येतं. आम्हाला सुशीला हवी. भिजवलेले चुरमुरे, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वरून लिंबू. एखाद्या दिवशी धपाटे आणि दही. पोहे चालतील, पण पोह्यांसाठी माणूस लातूर सोडत नाही.

तारखा ठरल्या, एका घराशी बोलणंही झालं. फोटो मात्र परत आल्यावर, आठवडाभर थांबून टाकायचे असं ठरलंय. आत्याच्या नातवाच्या मोबाइलवर सगळं दिसतं.