उतारावरचं घर आणि आजींचा प्रश्न

काल संध्याकाळी टाउनशिपच्या झोनिंग बोर्डाच्या (बांधकामाच्या नियमांतून सूट द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या मंडळाच्या) सुनावणीला जाऊन आले. आमच्या मागच्या उतारावर, ओढ्यालगतच्या प्लॉटवर एकाला घर बांधायचंय. न्यू जर्सीत २०० फुटांच्या आतल्या घरमालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावीच लागते, म्हणून कळलं तरी!

वकील, इंजिनिअर, प्लॅनर, सगळा लवाजमा. साक्षी शपथेवर. नकाशात चढाचा भाग तपकिरी, पाणथळीभोवती तुटक रेषा. तिथून ५० फूट सोडायचे म्हणजे घर रस्त्याकडे सरकणार आणि पुढचा सेटबॅक, म्हणजे रस्ता आणि घर यांत सोडायचं किमान अंतर, मोडणार. सूट हवीय ती या सेटबॅकची. पाणथळीचं राज्याचं खातं बघतं.

जागेचा आकार किंवा चढउतारच असा असेल की नियम पाळताना खरंच अडचण होते, तर कायद्याने सूट मिळू शकते. मात्र अडचण स्वतः ओढवून घेतलेली नको, आणि आजूबाजूच्यांचं फार नुकसानही नको.

नुकसानावरच गाडी अडली. एका आजींनी इंजिनिअरला थेट विचारलं, "पाणी माझ्या तळघरात येणार का?" तो शोषखड्ड्याची क्षमता सांगत बसला. आजी म्हणाल्या, "येस ऑर नो?" अख्खा हॉल हसला, तो सोडून. २०२१च्या इडा वादळात इथे तळघरांची काय दशा झाली ते आठवणाऱ्याला हा प्रश्न आगाऊ वाटणार नाही.

अर्जदाराचंही वाईट वाटलं, बिचारा पैसे घालून बसलाय. पण उतारावरची झाडं तोडली तर उतार धरून कोण ठेवणार? बोर्डाने मातीची चाचणी मागितलीय. पुढची तारीख पुढच्या महिन्यात. कोणी येतंय का सोबत?