गोंयच्या सायबाकडे पायी

सावंतवाडी ते ओल्ड गोवा, साधारण 60-65 किलोमीटर. 1 डिसेंबरला पहाटे निघालो आणि बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा करत 3 तारखेच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, म्हणजे गोंयच्या सायबाच्या, फेस्ताला (सणाला) पोचायचं असा बेत. मागे सामानाचा टेम्पो, पुढे रोझरीची (जपमाळेची) प्रार्थना. पेडण्यापर्यंतच माझ्या टाचेला फोड आला, तर मावशीनं सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपून जातं म्हणे. आणि खरंच गेलं.

दुसऱ्या रात्री बाराला म्हापसा सोडलं, तीनच्या सुमारास मांडवी पुलावर. खाली पणजीच्या बाजूला कॅसिनोच्या बोटी नुसत्या झगमगत होत्या. मी सहज बोलून गेलो की मे महिन्यात मित्रांबरोबर इथे आलेलो. मावशी चालता चालताच म्हणाली, "किती घातलंस रे थंय?" म्हटलं दोन हजार.

होते अकरा. घरी गाडीचं काम निघालं म्हणून सांगितलेलं, आणि आता आठवायला गेलो तर त्या रात्रीतलं एसीची थंडी सोडून काही म्हणजे काही आठवत नाही.

पुढे रायबंदरचा जुना बांध, 1630च्या दशकातला, अजून त्यावरून गाड्या जातात. आणि शेजारचा 1970चा मांडवी पूल 1986 मध्ये कोसळला होता, आता आहेत ते नंतरचे. इथे फादरांनी सायबाची गोष्ट काढली. आताच्या स्पेनमधल्या नवाराच्या घरंदाज कुटुंबातला पोरगा, पॅरिसला शिकत होता, मोठं नाव काढायचं डोक्यात, आणि खोलीत सोबत इग्नेशियस लोयोला, पुढे जेझुइट संघ काढणारा, तो सारखा एकच विचारायचा, सगळं जग मिळवलं आणि जीव गमावला तर फायदा काय? शेवटी 1552 साली चीनजवळच्या सांशियान बेटावर एका झोपडीत मेला. आज ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये तो चांदीच्या पेटीत आहे, गोव्याच्याच कारागिरांनी 1636-37 मध्ये घडवलेली, काम अप्रतिम आहे पण मला ती चांदी थोडी खटकतेच.

साडेपाचला पोचलो. वर टेकडीवर संत ऑगस्टीनचा मोडका मनोरा, एके काळी लिस्बनशी बरोबरी सांगणाऱ्या शहराचं आता एवढंच आणि थोडी चर्चेस. मिस्साआधी (चर्चमधल्या प्रार्थनेआधी) कन्फेशनच्या, म्हणजे पापं कबूल करायच्या, लायनीत उभा राहिलो. फादरांना आकडा खरा सांगितला. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून रोझरी दिली आणि म्हणाले, घरी पण सांग. ते जास्त जड वाटलं, टाचेपेक्षा.

परत येताना टेम्पोत मावशी शेजारीच, मांडीवर फेस्तातल्या खाज्याची पुडी. बांद्याच्या अलीकडे म्हटलं, "मावशी, दोन नाय, अकरा होते."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "खाजा खा."

घरी अजून सांगायचंय.