कोंबड्याची साक्ष

पणजीच्या बाजारात माझ्या काकांचं काजूचं दुकान आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून असायची. काकांची खुबी अशी की गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ते त्याच्याशी नातं जोडून मोकळे होत. पुण्याची मंडळी दिसली की "या वहिनी, आत या, ऊन काय कमी आहे?" दिल्लीकडची असली की "आइए भाईसाब." मग चवीला दोन काजू, आणि काजू तोंडात असतानाच भाव. गावच्या माणसाला मात्र नुसतं "कितें जाय?" त्याचा भाव वेगळा, हे सांगायला नकोच.

तेव्हा या विद्येतलं माझं शिक्षण घरातच झालेलं. कळंगुटच्या किनाऱ्यावर कान साफ करणारा माणूस कानातून खडा काढून दाखवतो, तो खडा मुळात त्याच्याच बोटांत असतो. रस्त्यात कार्ड खरवडायला देऊन "अभिनंदन, बक्षीस लागलं" म्हणणारे असतात; बक्षीस घ्यायला गेलं की टाइमशेअरचं, म्हणजे रिसॉर्टमधले वर्षातले ठरावीक दिवस विकण्याचं, व्याख्यान संपता संपत नाही. टोप्या घातलेले पाहुणे तिकडे वळताना दिसले की आम्ही गालातल्या गालात हसतो. (थांबवतो का? खरं सांगायचं तर क्वचितच.)

गेल्या वर्षी एकटीच पोर्तुगालच्या राजधानीला, लिस्बनला गेले ती या भांडवलावर. १५१० ते १९६१ जिथून आमच्या गोव्याचा कारभार हाकला गेला, ते गाव मला काय फसवणार!

सकाळी १५ नंबरच्या ट्रामने बेलेंला गेले. तिथल्या जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. आम्हा गोंयकारांना वास्को म्हणजे रेल्वे स्टेशन. "वास्कोला उतर, तिथून बस मिळेल" असं ज्याच्याबद्दल आयुष्यभर बोललो, तो इथे दगडी पेटीवर हात जोडून आडवा. तो गेला १५२४ मध्ये कोचीला; अस्थी पोर्तुगालला आणल्या १५३९ मध्ये. मेल्यावरसुद्धा माणसाचा प्रवास संपला नाही.

शहरात हिंडताना एक गंमत सारखी सोबतीला होती. पाट्यांवर, बिलांवर मधूनच ओळखीचा शब्द भेटायचा. अननस, बटाटा, काजू. साबण आणि चावी जरा वेगळ्या उच्चारात. आणि काउंटरवर 'पगार'. आपल्याकडे पगार एक तारखेला येतो. तिथे पगार म्हणजे पैसे देणं, आणि ते दिवसभर चालू असतं.

दुपारी २८ नंबरची पिवळी ट्राम. जुन्या लिस्बनच्या चढांवरून करकरत जाते, म्हणून जगातला प्रत्येक प्रवासी तीतच चढतो आणि त्याच्या मागोमाग पाकीटमार. आत तशी सूचनाच लावलेली. मी पाठीवरची बॅग पोटावर घेतली होती. आत जागा रिकामी असताना दोघेजण दारातच मला चिकटून उभे राहिले, तशी मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि सरळ चालायला लागले. तिथली गुळगुळीत दगडांची फरसबंदी आणि माझ्या चपला यांचं जमेना, ते सोडा.

आउगुश्ता रस्त्यावर गॉगल विकणारा एकजण जवळ आला आणि गॉगल राहिला बाजूला, कानाशी "हशीश" म्हणाला, म्हणजे चरस. हॉटेलातल्या बाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की ही मंडळी बहुतेक वेळा तमालपत्राच्या जातीची पानं दाबून केलेली वडी विकतात. जी वस्तू आमच्याकडे पुलावातून काढून ताटाच्या कडेला ठेवतात! पुढे एक मुलगी कागद घेऊन आली, मुक्या मुलांसाठी सही करा म्हणून. सही करताना मान खाली जाते आणि दुसरं कोणीतरी खिसा बघतं, हे ठाऊक होतं. मी ठसक्यात "म्हाका नाका" म्हटलं. कोंकणी तिला कळायचं कारण नव्हतं, पण सूर कळला. गेली.

संध्याकाळपर्यंत माझी मान इतकी ताठ झाली होती की विचारू नका.

मग एका दुकानाच्या दारातून हाक आली. "दीदी, इंडिया से? अंदर आइए, बाहर बहुत धूप है."

पाय आपोआप वळले. दिवसभरात मला कोणी काहीही म्हणून हाक मारली नव्हती. त्यानं प्यायला पाणी दिलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि रंगीत तुऱ्याचा एक चिनी मातीचा कोंबडा हातात ठेवला. बार्सेलुशचा कोंबडा म्हणतात त्याला, पोर्तुगालभर मिळतो. गोष्ट अशी की एका वाटसरूवर खोटा आळ आला, फाशी ठरली, तेव्हा न्यायाधीशाच्या ताटातला भाजलेला कोंबडा उठून आरवला आणि माणूस सुटला. "आपके लिए बारा युरो, दीदी." मी घासाघीससुद्धा केली नाही. भावाशी कोण घासाघीस करतं?

दोन गल्ल्या पुढे तोच कोंबडा, तसाच तुरा, काचेवर चिठ्ठी: ६ युरो. मी पिशवीतल्या माझ्या कोंबड्याकडे पाहिलं. त्यानं चोच उघडली नाही.

परत आल्यावर तो काकांनाच दिला. त्यांनी चष्मा वर करून तो उलटा धरला, बुडाला बोटानं टकटक केलं.

"कितीला?"

"बारा युरो."

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "काय म्हणून हाक मारली त्यानं?"

"दीदी."

"पाणी दिलं?"

"दिलं."

काकांनी मान डोलावली आणि कोंबडा गल्ल्याच्या वर, गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला.