फोर्ट कोची ते मट्टनचेरी: बंदराच्या कडेने पायी

कोचीला जाणारे बहुतेक जण फोर्ट कोचीत मासेमारीची चिनी जाळी बघतात, रिक्षाने मट्टनचेरीचा राजवाडा गाठतात आणि परततात. मधला बझार रोड रिक्षातून बघता बघता मागे पडतो. माझ्या मते कोची खरी कळते ती याच रस्त्यावर, आणि तीही पायी.

एर्नाकुलमच्या जेट्टीवरून फोर्ट कोचीला जाणारी सकाळची सरकारी बोट पकडली. हायकोर्टाजवळून वॉटर मेट्रोही सुटते आणि ती वातानुकूलित आहे. तरी जाताना साधी बोटच घ्या. वारा लागतो, विलिंग्डन बेट आणि मोठी जहाजं मोकळेपणी दिसतात. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुरानंतर इथे बंदर तयार झालं असं मानतात. त्यानंतर पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डच आणि १७९५ मध्ये इंग्रज.

चिनी जाळी सकाळीच बघा, संध्याकाळी तिथे फार गर्दी होते. लांब वाशांच्या टोकाला जाळं आणि दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेले मोठाले धोंडे. चार-पाच जण दोर ओढतात, धोंडे एकेक करून खाली येतात आणि जाळं पाणी गाळत वर उचललं जातं. ते लोक आपल्यालाही दोर ओढायला बोलावतात, नंतर पैशांची अपेक्षा असते. द्यायचे ते आधीच ठरवा.

सेंट फ्रान्सिस चर्च तिथून चालत अगदी जवळ आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला इथेच पुरलं होतं. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले, थडग्याची शिळा राहिली. वर कापडी पंखे टांगलेले आहेत. त्यांचे दोर बाहेर उभे राहिलेले नोकर ओढायचे.

आता पाण्याच्या कडेने कल्वती आणि पुढे बझार रोड. मट्टनचेरीपर्यंत अडीच-तीन किलोमीटर होतात. मी मुद्दाम रमतगमत गेलो. जुन्या वखारींचं एक दार रस्त्यावर, दुसरं थेट पाण्यावर उघडतं. माल पूर्वी होड्यांतून यायचा. आज तो ट्रकने येतो, पण व्यापार संपलेला नाही. तांदळाची पोती, मिरी, सुंठ. सुंठीचा वास तर वखार दिसायच्या आधीच येतो. एखादं दार उघडं असलं तर विचारून आत डोकवा, पण हमालांच्या वाटेत उभं राहू नका. रस्ता अरुंद आहे, फुटपाथ जवळजवळ नाहीच. सावलीही कमी, त्यामुळे टोपी आणि पाणी हवंच.

मट्टनचेरीचा राजवाडा बाहेरून साधा दिसतो. पोर्तुगिजांनी तो बांधून राजाला भेट दिला, डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव पडलं डच पॅलेस. राजाच्या शयनगृहातल्या भिंतींवर रंगवलेलं रामायण सावकाश बघा. आत फोटो काढू देत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने ते बरंच आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिकीट खिडकी बंद असते, तेव्हा वेळ सांभाळा.

राजवाड्याला लागूनच १५६८ चं ‘परदेशी सिनेगॉग’, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात, कपडे अंगभर असावेत. लोक झुंबरांकडे बघत राहतात. तुम्ही जमिनीकडे बघा. चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत आणि कुठलीच दुसरीसारखी नाही असं सांगतात. खाली वाकून दोन शेजारच्या फरश्या ताडून पाहिल्या, तर झाडाची फांदी वेगळी वळलेली दिसते.

पायात बळ असेल तर चेरलाईला जा. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती. तिरुमल देवस्थानाच्या आसपास कोकणी कानावर पडते आणि मराठी माणसाला त्यातलं बरंच कळतं.

वार मात्र बघून निघा. शुक्रवारी राजवाडा आणि सिनेगॉग दोन्ही बंद, शनिवारी सिनेगॉग बंद, रविवारी बझार रोडवर शुकशुकाट. सोमवार ते गुरुवार यांतला दिवस घ्या. शुक्रवारच हाताशी असेल, तर राजवाड्याचा नाद सोडून वखारी आणि चेरलाई निवांत करा.